हेडमध्ये स्टड गंजून तुटला तर इझी-आउट नको

आपल्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका भाऊंनी विचारलंय. गाडी छोटी पेट्रोल, पंधरा वर्षं जुनी, हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा. सकाळी चालू केली की एक्झॉस्टकडून फटफट आवाज येते म्हणून गास्केट बदलायला त्यांनी घरीच मॅनिफोल्ड, म्हणजे हेडमधून धूर बाहेर नेणारा पाईप, खोलायला घेतला. १२ च्या गोटीनं (सॉकेटनं) बाकीचे नट निघाले, एक स्टड, म्हणजे हेडमध्ये बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट, हेडच्या बरोबरीनं तुटला आणि त्याच्या बाजूचा नट हलूनच नाही राहिला. आता ते म्हणतात, त्या नटाला लांब पाईप लावून जोर मारू का, आणि तुटलेल्यासाठी इझी-आउटचा, म्हणजे तुटलेला बोल्ट काढायच्या खिळ्यांचा, सेट मागवू का.

दोन्हीला माझं उत्तर 'नाही' असंच आहे भाऊ. का नाही ते नीट सांगतो, कारण इथून पुढं तुम्ही जे कराल त्यावर ठरणार की काम दुपारपर्यंत संपते का हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावं लागते.

आधी जो तुटला नाही त्याच्याकडे पाहू, कारण तो वाचवणं सोपं आहे आणि लोकं नेमकं तुटलेल्याच्या मागं लागून दुसराही तोडतात. जाम नट सुटायचा असला की एकदम 'कट्ट' असा कोरडा आवाज येतो, हाताला झटका बसतो आणि मग तो सुटत जातो. तुटायचा असला की तसं होत नाही. पाना फिरतो, तुम्हाला वाटते निघून राहिला, पण फिरताना तो रबरासारखा लागतो, आवाज काही नाही, आणि हात सैल केला की पाना थोडा मागं येतो. म्हणजे नट जागेवरच आहे अन् स्टड पिळून राहिला. तिथंच थांबायचं, आणखी एक इंचही नाही. ८ एमएमचा स्टड, पंधरा वर्षं तापून थंड झालेला, त्याच्यात ताकद ती किती उरणार, आणि हातभर पाईप लावल्यावर हाताला हे काही कळतच नाही. लांब पाईप चाकाच्या नटाला ठीक आहे, हेडच्या स्टडला नाही.

आता त्या नटाचं काय करायचं. स्टडचं जे टोक नटाच्या बाहेर दिसते ना, त्याचे आटे वायर ब्रशनं चकचकीत होईपर्यंत घासा. हे कोणी करत नाही पण निम्मं काम इथंच आहे, कारण नट सुटला तरी त्याला त्याच गंजलेल्या आट्यांवरून बाहेर यायचं असते, तिथं परत अडकतो अन् मग तुटतो. घासून झाल्यावर पेनिट्रेटिंग ऑइल टाका, छोट्या हातोडीनं नटाच्या बाजूनं आणि स्टडच्या टोकावर हलके हलके ठोके मारा, परत ऑइल, अन् रातभर सोडून द्या. ठोके हलकेच पाहिजे, उद्देश हादरा देण्याचा आहे, आटे चेपायचा नाही.

ऑइलबद्दल लोकं खूप भांडतात म्हणून माझं मत सांगून टाकतो. साधं डब्ल्यूडी-४० हे मुळात १९५३ मध्ये पाणी हटवायला आणि गंज रोखायला बनवलेलं आहे, काहीच नसल्यापेक्षा बरं, पण घट्ट जाम झालेल्यासाठी खास पेनिट्रंट मिळतात ते घ्या. ते नसलं तर एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं मिसळून जुने लोकं वापरतात, मीही वापरतो, चांगलं चालते, फक्त दोन्ही वेगळे होतात म्हणून प्रत्येक वेळी टाकायच्या आधी हलवायचं, आणि ॲसिटोन पेंटवर पडलं तर पेंट गेला समजा. वर ते पेट्रोलसारखं पेटते, तेव्हा आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उघडी बाटली ठेवून काम करू नका. रॉकेल-डिझेलनंही निघते पण वेळ खूप खाते.

दुसऱ्या दिवशी सहा कोनी गोटी घ्या, बारा कोनी नाही. बारा कोनी गोटी कोपऱ्यावर पकडते आणि गंजलेला नट गोल करून टाकते. पहिल्यांदा सोडायच्या दिशेनं नाही तर किंचित कसायच्या दिशेनं दाबा, अगदी थोडं, गंजाची पकड सुटण्यापुरतं. मग सोडा. पाव फेरा सुटला की परत अर्धा पाव कसा, ऑइल टाका, परत सोडा. पुढं-मागं, पुढं-मागं. याला वेळ लागते आणि लागू द्या. लाल-तपकिरी पावडर ऑइलसोबत बाहेर येताना दिसली की समजा काम बरोबर चाललंय.

एवढं करूनही नाही हलला तर गरम करा. नट गरम करायचा, स्टड नाही. छोटा ब्यूटेन टॉर्च असला तर नटाला तांबूस लाल होईपर्यंत, आजूबाजूला ऑक्सिजन सेन्सरची वायर, पेट्रोलची लाइन, प्लास्टिकचे क्लिप काय काय आहे ते आधी पाहून, पत्र्याचा आडोसा लावून. आधी टाकलेलं ऑइल पुसून घ्या, नाही तर भडका उडते. लाली जाऊन नट काळा पडला की मेणबत्तीचा तुकडा त्याच्या फटीला लावा, मेण वितळून आपोआप आट्यांमध्ये ओढलं जाते. हे पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही पण करून पाहा. आणि एक गोष्ट जिवाची आहे म्हणून जोर देऊन सांगतो, ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी कधीही टॉर्च किंवा वेल्डिंग लावू नका. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनवालं सॉल्व्हंट असते, ते तापलं की फॉस्जीन गॅस तयार होते, जी पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरली होती.

नट तरीही नाही निघाला तर नटाचा जीव घ्या, स्टडचा नाही. छोट्या ग्राइंडरनं किंवा धारदार छिन्नीनं नट एका बाजूनं कापून फोडा. नट दुकानात मिळतो, हेडमधला आटा मिळत नाही.

आता तुटलेल्याकडे येऊ. तो हेडच्या बरोबरीत आहे म्हणता, म्हणजे पाना किंवा व्हाइस-ग्रिप धरायला काही नाही. थोडा जरी बाहेर असता, पाच-सहा एमएम, तर गरम करून व्हाइस-ग्रिपनं किंवा दोन बाजू कानशीनं सपाट घासून पान्यानं निघाला असता.

इथं इझी-आउटचं सांगतो. इझी-आउट म्हणजे उलट्या पिळाचा कडक स्टीलचा खिळा, तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडायचं, त्यात तो ठोकायचा आणि उलटा फिरवायचा. ऐकायला छान. पण विचार करा, ८ एमएमचा पूर्ण जाडीचा स्टड, वर नट अन् हातात चांगला पाना असून तुटला, म्हणजे हेडमध्ये तो त्याच्या स्वतःच्या ताकदीपेक्षा जास्त जाम आहे. आता त्याच्यात भोक पाडून तुम्ही ४ एमएमचा खिळा घालणार आणि म्हणणार हा त्याला फिरवेल. वरून तो खिळा निमुळता असते, जितका आत जाईल तितकं स्टडच्या भिंतींना बाहेर ढकलते, म्हणजे जाम झालेल्याला आणखी जाम करते. मग इझी-आउट आत तुटते. ते कडक केलेलं स्टील, तुमचं ड्रिल त्याच्यावर घासून निळं पडते पण कापत नाही. मग कार्बाइडचा बर (घासून खाणारा कडक बिट) पाहिजे, नाही तर हेड उतरवून स्पार्क इरोजनवाल्याकडे, जो विजेच्या ठिणगीनं धातू खाऊन काढतो. माझ्याकडे गाड्या येतात त्यातल्या 'तुटलेला बोल्ट काढून द्या' वाल्या कामांत सगळ्यात वाईट त्याच असतात ज्यात आत इझी-आउट तुटलेलं असते. इझी-आउट तिथं चालते जिथं बोल्ट जाम नव्हता, फक्त जास्त कसला म्हणून किंवा आपटून तुटला. गंजून तुटलेल्याला नाही. म्हणून तो सेट मागवू नका.

मग काय करायचं? नट वेल्ड करायचा. माझ्या मते हेडच्या बरोबरीत तुटलेल्या स्टडला याच्यासारखा दुसरा उपाय नाही, आणि कारण फक्त पकड मिळणं हे नाही. वेल्डिंगची उष्णता सरळ स्टडच्या आत जाते, स्टड लाल होतो, फुगतो, भोवतीचा गंज चिरडतो, आणि थंड होताना आकसून सैल पडतो. आणि स्टीलचा वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे हेडला डाग पडला तरी जोड लागत नाही.

पद्धत अशी. तुटलेलं टोक वायर ब्रशनं साफ. त्याच्यावर ८ एमएमचा वॉशर ठेवायचा, स्टड बरोबर वॉशरच्या भोकाच्या मधात येईल असा, आणि भोकातून स्टड आणि वॉशर एकमेकांना वेल्ड करायचे. मग वॉशरवर १० एमएमचा नट ठेवायचा. हो, ८ चा नाही १० चा, म्हणजे आतून वेल्ड भरायला जागा मिळते. नटाच्या भोकातून मधोमध भरत यायचं. मिग वेल्डिंग (ज्यात वेल्डची तार आपोआप येते) असलं तर सगळ्यात चांगलं, साध्या आर्कनं करायचं तर अडीच एमएमचा रॉड, आणि वेल्डरचा हात चांगला पाहिजे. नट झिंक चढवलेला असला तर ते झिंक आधी घासून काढा, त्याचा धूर वाईट असते.

वेल्ड झाल्या झाल्या लगेच फिरवू नका. लाली जाऊ द्या, काळा पडू द्या, मेण लावा, हात लावता येणार नाही पण पाना लावता येईल इतका थंड होऊ द्या. मग पाना लावून आधी कसायच्या दिशेनं थोडा, मग सोडायच्या. पहिल्यांदा चर्रर्र असा आवाज येते, बंद दाराचं जुनं बिजागर फिरावं तसा, आणि वॉशरच्या फटीतून तांबडी धूळ निघते. तो आवाज आला की समजा जिंकले, आता फक्त पुढं-मागं करत धीर धरायचा. वेल्ड तुटला तर हरकत नाही, परत नट लावा, परत वेल्ड करा. जाम स्टडला पहिला नट क्वचितच काढतो. प्रत्येक वेळी तो आणखी एकदा तापतो आणि थंड होतो, तेच आपल्याला पाहिजे असते.

गाडीवर आर्क किंवा मिग करताना बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, आणि वेल्डिंगची अर्थिंग कामाच्या जवळ, हेडवरच कुठं चकचकीत जागी पकडा. चेसिसच्या दुसऱ्या टोकाला अर्थिंग लावली तर करंट बेअरिंगांमधून, सेन्सरच्या वायरींमधून रस्ता शोधते आणि ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर जाऊ शकते. घरी वेल्डिंग नसेल तर वाडीकडे अमरावती रोडला ट्रकांची कामं करणारे वेल्डर बसतात, त्यांना गंजलेले स्टड काढायची रोजची सवय आहे, पण त्यांना ट्रकाची सवय आहे, बॅटरीच्या तारांचं तुम्हीच लक्षात ठेवा. गाडी टोचन करून न्या, मॅनिफोल्ड उघडा ठेवून चालवत नेऊ नका.

गरम करायची आणखी एक बाजू आहे. ॲल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून स्टडच्या भोवतीचं हेड गरम केलं तर भोक मोठं होते. किती? ८ एमएमच्या भोकात १०० अंशाला फरक पडते एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही थोडा कमी. एवढुसं वाटते पण गंजाची पकड सुटायला आणि ऑइल आत जायला ते पुरते. फक्त ॲल्युमिनियमवर टॉर्च लावताना एक ध्यानात ठेवा, ते लोखंडासारखं लाल होत नाही. आपण लाल व्हायची वाट पाहत बसतो आणि ते तसंच चांदीच्या रंगाचं राहून ६०० अंशाच्या आसपास एकदम ढासळते. हेडवर पाण्याचा थेंब टाकायचा, चुर्र करून उडाला की बास, टॉर्च बंद.

वेल्डनंही नाही निघाला, किंवा स्टड हेडच्या आत खोल तुटलाय आणि वेल्ड पोचत नाही, तर मग ड्रिल. ड्रिलमध्ये सगळं पहिल्या भोकावर आहे. स्टड कडक, ॲल्युमिनियम मऊ, तुटलेलं तोंड वाकडंतिकडं. ड्रिल सटकून मऊ बाजूला जाते आणि आटे खाऊन टाकते, आणि एकदा भोक बाजूला गेलं की ते मधात आणणं फार कठीण. म्हणून तोंड आधी सपाट करा, सेंटर पंचानं मधोमध ठोका, भिंगातून पाहा खरंच मधात आहे का, नसला तर पंच तिरपा धरून खूण सरकवा. याच्यात अर्धा तास गेला तरी चालेल.

याहून पक्कं पाहिजे असलं तर लेथवाल्याकडून एक बुश (छोटी जाड नळी) करून घ्या. बाहेरून मॅनिफोल्डच्या फ्लँजच्या (हेडला टेकणाऱ्या सपाट कडेच्या) भोकात घट्ट बसेल असा, आतून ३ एमएमचं भोक. मॅनिफोल्ड बाकीच्या स्टडांवर हातानं बसवायचा, बुश त्या भोकात टाकायचा आणि त्याच्यातून ड्रिल मारायचं. फ्लँजचं भोक स्टडपेक्षा मोठं असते म्हणून मॅनिफोल्ड थोडा हलतो, तर दोन टोकांचे नट लावायच्या आधी तो मधात आहे हे पाहून घ्या. लेथवाल्यासाठी हे दहा मिनिटांचं काम आहे आणि तुमचं हेड वाचवते.

ड्रिल बिट कोबाल्टचा घ्या, आणि डाव्या पिळाचा मिळाला तर तोच घ्या. इतवारीत लोहाओळीकडे विचारा, नाही तर ऑनलाइन मिळते. डाव्या पिळाचं ड्रिल सोडायच्या दिशेनंच फिरते, भोक पडता पडता स्टड तापते, आतला ताण कमी होते आणि कित्येकदा तो ड्रिललाच चिकटून बाहेर येतो. वेग कमी, दाब चांगला, कटिंग ऑइल सतत. ड्रिलला वेगानं फिरवत वरवर घासलं तर स्टडचं तोंड तापून आणखी कडक होते. ३ नं सुरू करा, मग ५, मग ६.५. किती खोल जायचं हे आधी मोजा. दुसऱ्या निघालेल्या स्टडचं भोक किती खोल आहे पाहा आणि बिटावर तेवढ्यावर टेप गुंडाळा. काही इंजिनांत या भोकांच्या मागं कूलंटचा रस्ता असते, जास्त आत गेलात तर एक्झॉस्टच्या जागी कूलंटचा लीक घेऊन बसाल.

६.५ पर्यंत मधोमध गेलात तर स्टडची फक्त पातळ साल उरते. टोकदार पोकरनं तिचं तोंड आत दाबा, आणि ८ बाय १.२५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानं, ऑइल लावून, अर्धा फेरा पुढं पाव फेरा मागं असा घाला. साल स्प्रिंगसारखी गुंडाळत बाहेर येते आणि खालचे मूळ आटे तसेच सापडतात.

भोक बाजूला गेलंच असेल किंवा आटे गेले असतील तर हेलीकॉइल लावा, त्याच्यात कमीपणा काही नाही. ८ एमएमसाठी भोक ८.३ च्या आसपास करायचं, किटमधलाच टॅप मारायचा, स्टेनलेसची कॉइल आत घालायची आणि तिची शेपटी तोडून काढायची. नीट बसवलं तर ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यापेक्षा मजबूत असते. एम-सीलसारखं काही भरून त्यात आटे पाडणारे भेटतील, एक्झॉस्टच्या उष्णतेपुढं ते टिकत नाही, करू देऊ नका.

हे सगळं इतकं जाम का होते, तेही सांगतो. नागपूरची हवा कोरडी, समुद्र दूर, त्यामुळे आपल्या एमएच ३१ आणि ४९ च्या गाड्यांना खालून गंज कमी लागते. मुंबई-रत्नागिरीकडून सेकंड हँड आलेली गाडी जॅकवर घेतली की लगेच फरक दिसते, सस्पेन्शनचे बोल्ट सगळे बुशमध्ये चिकटलेले. तशी गाडी असेल तर कामाच्या दोन दिवस आधीपासून ऑइल टाकत राहा. पण एक्झॉस्टचे स्टड सगळीकडे सारखेच जातात, कारण तिथं रोज तापणं अन् थंड होणं चालू असते, आणि स्टीलचा स्टड ॲल्युमिनियममध्ये असला की पावसाळ्याच्या ओलाव्यात दोन धातूंमध्ये गॅल्व्हॅनिक गंज चढते. ॲल्युमिनियमची ती पांढरी भुकटी फुगून आटा भरून टाकते. आपल्या भागात जाम होण्याचं दुसरं मोठं कारण माणूस आहे. पंक्चरवाले एअर गननं चाकाचे नट इतके कसतात की घरच्या पान्यानं निघत नाहीत. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागते, तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा असते, टॉर्क रेंच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) घेऊन तेवढंच कसा.

ब्रेकमधली हवा काढायच्या ब्लीडर निपलचं एका वाक्यात सांगतो, तो पोकळ असते म्हणून सगळ्यात लवकर तुटतो, त्याच्या भोकात बारीक ड्रिलचा दांडा सरकवून मग सोडायला घ्या, आतून आधार मिळते. आणि स्पार्क प्लग इंजिन थंड असतानाच काढा, गरम ॲल्युमिनियममधून काढला की आटे सोबत घेऊन येतो.

बसवताना सगळे स्टड नवे घ्या, फक्त तुटलेला नाही. बाकीचेही तेवढेच म्हातारे आहेत. भोकात टॅप फिरवून साफ करा, हवा मारा, स्टडच्या आट्यांना कॉपरचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) अगदी पातळ लावा. अँटी-सीझ लावल्यावर घर्षण कमी होते, म्हणून नेहमीच्या हातानं कसला तर स्टडवर जास्त ताण येतो, टॉर्क थोडा कमीच ठेवा. नट मधापासून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत. पितळी किंवा तांब्याचा मुलामा असलेले एक्झॉस्टचे नट मिळतात ते घ्या, ते स्टीलवर चिकटत नाहीत. गाडी चांगली तापेपर्यंत फिरवून आणा, पूर्ण थंड होऊ द्या, साधारण दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि मग एकदा सगळ्या नटांना टॉर्क रेंच लावून पाहा, नवं गास्केट दबलेलं असते म्हणून एखाददुसरा थोडा फिरतोच.